उंदराची साखर आणि माणसाचा मधुमेह : तरवडाच्या निमित्ताने

तरवडाच्या फुलांचा अर्क दिला की मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर उतरते, आणि म्हणून मधुमेहावर तरवड देण्याची जुनी रीत विज्ञानाच्या कसोटीला उतरली आहे, असे विधान गेल्या दोन-अडीच दशकांत प्रबंधांच्या प्रस्तावनांतून, औषधांच्या वेष्टनांवरून आणि आरोग्यविषयक सदरांतून इतक्या वेळा केले गेले आहे की आता त्याचा पुरावा कोणी मागत नाही. या विधानाचा पूर्वार्ध पुष्कळ अंशी खरा आहे, पण उत्तरार्ध त्यातून निघत नाही. पूर्वार्ध खरा असल्याने उत्तरार्धही खरा वाटतो आणि त्या वाटण्यावर विसंबून रुग्ण आपली औषधे बदलतात, हीच यातील धोक्याची बाब आहे. प्रस्तुत लेखाचा विरोध या उत्तरार्धाला आहे, तरवडाला किंवा आयुर्वेदाला नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही. बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या पायथ्याच्या मुरमाड, कमी पावसाच्या जमिनीवर तरवड आपोआप उगवतो; बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला त्याची पिवळी फुले दिसतात आणि त्याची साल टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरात आहे. व्ही. एन. नाईक यांनी या जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९७९ मध्ये सिद्ध केला, तेव्हा आजचा लातूर जिल्हाही उस्मानाबाद या तेव्हाच्या नावाच्या याच जिल्ह्याचा भाग होता (तो १९८२ मध्ये वेगळा झाला), आणि एवढ्या कोरड्या प्रदेशाची इतकी बारकाईने नोंद होणे ही मराठवाड्याच्या वनस्पतिशास्त्राची मोठी कमाई आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. वनस्पती, तिची नोंद, वैद्य, औषधशास्त्राचे विद्यार्थी आणि मधुमेहाचे रुग्ण हे सारे एकाच जिल्ह्यात असताना प्रश्न कोणत्या प्राण्यात आणि कोणत्या क्रमाने विचारावा, हे ठरवण्याची जबाबदारीही येथल्याच अभ्यासकांवर येते.

सर्वत्र रूढ झालेली प्रयोगपद्धती थोडक्यात अशी आहे. वनस्पतीचा भाग वाळवून, दळून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढतात. विस्टार किंवा तत्सम जातीच्या पांढऱ्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन अथवा ॲलोक्सन टोचतात. तीन-चार दिवसांनी ज्यांची साखर ठरावीक पातळीच्या वर गेली असेल त्यांचे सहा-सहाचे गट पाडतात. एका गटाला काहीच उपचार देत नाहीत, एकाला ग्लिबेनक्लामाइड हे रूढ औषध देतात, उरलेल्यांना अर्काच्या दोन-तीन मात्रा देतात आणि तीन-चार आठवड्यांनी रक्त तपासून, उंदीर मारून त्यांच्या स्वादुपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तरवडाच्या बाबतीत तमिळनाडूतील अण्णामलाई विद्यापीठाच्या पारी आणि लता यांनी २००२ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फुलांचा जलीय अर्क शरीराच्या दर किलो वजनामागे ०.४५ ग्रॅम या मात्रेत ३० दिवस दिल्यावर ग्लिबेनक्लामाइडपेक्षा चांगला परिणाम दिसला. हा अभ्यास पुढे वारंवार उद्धृत झाला. त्यातील मोजमापांवर शंका घेण्याचे येथे प्रयोजन नाही. शंका आहे ती त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर.

पहिली गोष्ट म्हणजे त्या उंदराला झालेला आजार. स्ट्रेप्टोझोटोसिन हे एका मृदा-जिवाणूपासून मिळणारे द्रव्य आहे. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा तुकडा जोडलेला असल्यामुळे उंदराच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्लुट-२ नावाच्या वाहकातून त्याला आत घेतात, आणि आत गेल्यावर ते पेशींच्या डीएनएवर आघात करून त्यांना मारते. ॲलोक्सनचा हाच गुण ग्लासगोच्या संशोधकांना १९४३ मध्ये आढळला होता. तेही बीटा पेशीत शिरते आणि तेथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण करते. म्हणजे या प्रयोगातला उंदीर एका दिवसात विषबाधेने इन्शुलिनला मुकलेला, तरुण आणि एरवी निरोगी प्राणी असतो. माणसांतील बहुसंख्य मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो: त्यात स्नायू, यकृत आणि मेदपेशी इन्शुलिनला नीट प्रतिसाद देईनाशा होतात, स्वादुपिंड वर्षानुवर्षे जास्त काम करत राहते आणि हळूहळू थकते, वय, पोटाभोवतीची चरबी, आनुवंशिकता आणि आहार यांचा त्यात मोठा वाटा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांपैकी एकालाही स्ट्रेप्टोझोटोसिनमुळे मधुमेह झालेला नाही.

आणि तसा तो सहजी होतही नाही. स्ट्रेप्टोझोटोसिन हे माणसांतही वापरले जाते, ते स्वादुपिंडाच्या विशिष्ट गाठींवरील कर्करोगविरोधी औषध म्हणून, आणि त्या रुग्णांबाबत डॉक्टरांची मुख्य काळजी मधुमेहाची नसून मूत्रपिंडांवरील विषारी परिणामाची असते. मानवी बीटा पेशींत ग्लुट-२ वाहक कमी असल्याने त्या या विषाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, हे मानवी पेशीपुंजांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. ज्या विषाला उंदराची पेशी बळी पडते आणि माणसाची फारशी पडत नाही, त्या विषावर उतारा म्हणून एखादा अर्क उपयोगी पडला, तर तो अर्क माणसाच्या मधुमेहावरचा उपचार ठरतो असे मानण्यास कोणताही आधार उरत नाही. तरवड, जांभूळ, मेथी, बेल यांसारख्या वनस्पतींत ऑक्सिजनजन्य आघात सौम्य करणारी फिनॉलयुक्त द्रव्ये विपुल असतात. विष देण्याआधी किंवा त्याबरोबर असा अर्क दिल्यास विषाचा मारा काही प्रमाणात बोथट होणे स्वाभाविक आहे. अशा मांडणीत दिसतो तो विषप्रतिबंधाचा गुण, आणि प्रबंधात त्याची नोंद मधुमेहविरोधी गुण म्हणून होते.

ग्लिबेनक्लामाइडपेक्षा अर्क सरस ठरला, हा या लेखनातील सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दिशाभूल करणारा दावा आहे. ग्लिबेनक्लामाइड बीटा पेशीच्या पृष्ठभागावरील पोटॅशियमची वाट बंद करून पेशीला साठवलेले इन्शुलिन सोडायला लावते. पेशी जिवंत असेल तरच ते काम करू शकते. पेशी मोठ्या संख्येने आधीच मारून टाकल्यानंतर या औषधाशी अर्काची तुलना करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत लावण्यासारखे आहे. उलट त्या उंदरांत ग्लिबेनक्लामाइडने साखर लक्षणीयरीत्या उतरली असेल, तर पुरेशा पेशी शिल्लक होत्या आणि प्राणी गंभीर मधुमेही नव्हताच, असे मानावे लागते. कोणताही निकाल आला तरी तुलनेतून अर्काच्या श्रेष्ठत्वाचा निष्कर्ष निघत नाही. ॲलोक्सनच्या कमी मात्रेत तर काही उंदरांची साखर कोणत्याही उपचाराशिवाय आपोआप खाली येते, आणि ती उतरण अर्काच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. तुरट, कडू अर्क दिल्याने उंदीर कमी खाऊ लागला तरीही साखर उतरते, म्हणून रोजच्या खाण्याची नोंद छापलेली नसेल तर आकड्यांचा अर्थ लावणे अशक्य होते. आणि रक्त तपासणाऱ्याला किंवा काप पाहणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक असेल, तर त्याच्या नकळत निरीक्षण अपेक्षेकडे झुकते. प्राणिप्रयोगांच्या वृत्तान्तात काय नोंदवले पाहिजे याचे ‘अराईव्ह’ या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय निकष २०१० पासून उपलब्ध आहेत आणि गट यदृच्छेने पाडले का, निरीक्षक अनभिज्ञ होता का, हे त्यांत स्पष्टपणे विचारलेले आहे. वनस्पती-अर्कांवरच्या असंख्य निबंधांत या प्रश्नांना एका वाक्याचेही उत्तर नसते.

मात्रेचा हिशेब त्याहूनही क्वचित मांडला जातो. उंदरातील मात्रा माणसासाठी बदलताना केवळ वजनाचे प्रमाण लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या आधारे, उंदराच्या दर किलोमागील मात्रेला साधारण ६.२ ने भागतात. तरवडाच्या त्या ०.४५ ग्रॅमला हे सूत्र लावल्यास ६० किलो वजनाच्या माणसासाठी रोज सुमारे साडेचार ग्रॅम अर्क येतो. हा अर्क आहे, वाळलेली फुले नव्हेत. फुलांच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका अर्क निघतो असे धरले, तर रोज ४० ग्रॅमांहून अधिक वाळलेली फुले लागतील. चिमूटभर पाकळ्या गरम पाण्यात टाकून तो चहा घेणाऱ्याला ‘उंदरांवर सिद्ध झाले आहे’ असे सांगणे म्हणजे त्याने कधीच न घेतलेल्या मात्रेचा दाखला त्याच्या पेल्याला चिकटवणे आहे.

याच ठिकाणी परंपरेच्या समर्थकांनी थांबून विचार करायला हवा, कारण त्यांच्या नावाने होणारा हा प्रयोग त्यांच्या शास्त्राची परीक्षाच घेत नाही. चरक-सुश्रुतांच्या प्रमेहविचारात वीस प्रकार आहेत, त्यांची कफज, पित्तज, वातज अशी विभागणी आहे. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असा भेद केला आहे, आणि स्थूल व बलवान रुग्णाला एक, कृश व दुर्बल रुग्णाला दुसरी चिकित्सा सांगितली आहे. आहार, चालणे आणि श्रम हे त्या चिकित्सेचे अंग आहे. त्यातून एक फूल उचलून, त्याचा अल्कोहोलमधील अर्क काढून, पिंजऱ्यात बसलेल्या आणि एकसारखे खाद्य खाणाऱ्या, विषाने कृश झालेल्या उंदराला देणे, यात परंपरेचा काढा नाही, पथ्य नाही, प्रकृतिविचार नाही आणि रुग्णही नाही. प्रयोग यशस्वी झाला तरी परंपरा सिद्ध होत नाही आणि फसला तरी ती खोटी ठरत नाही.

उंदराच्या साक्षीवर भिस्त ठेवायचीच असेल, तर ती साक्ष पूर्ण ऐकली पाहिजे. श्रीलंकेतील संशोधकांनी १९८१ मध्ये तेथील पारंपरिक औषधी वनस्पतींची पायरोलिझिडिन अल्कलॉइड या यकृताला अपायकारक द्रव्यांसाठी छाननी केली, तेव्हा ज्या थोड्या वनस्पतींत ती आढळली त्यांत तरवड होता, आणि ती वनस्पती आहारातून दिलेल्या उंदरांच्या यकृतात विकृती दिसल्या. या एका अभ्यासावरून तरवड विषारी आहे असे ठरवणे घाईचे होईल. वनस्पतीचा भाग, प्रदेश, ऋतू आणि मात्रा यांनुसार रसायने बदलतात. परंतु साखर उतरवणारा उंदीर प्रमाण आणि यकृत बिघडलेला उंदीर अप्रमाण, अशी निवड वैज्ञानिक म्हणवता येत नाही. एका वेळी मोठी मात्रा देऊन १४ दिवस निरीक्षण करण्याच्या तीव्र विषाक्तता-चाचणीवरून ‘अर्क सुरक्षित आहे’ असे लिहिण्याची प्रथाही येथे अपुरी पडते, कारण मधुमेहाचे औषध १४ दिवस नव्हे, उरलेले आयुष्यभर घ्यायचे असते आणि यकृताची अशी हानी सावकाश होते.

यावर दिले जाणारे सर्वांत वजनदार उत्तर असे की प्रत्येक औषधाची सुरुवात प्राण्यांतच झाली. इन्शुलिन कुत्र्यांत सापडले आणि मेटफॉर्मिन तर एका वनस्पतीच्या धाग्यावरून आले. उदाहरणे खरी आहेत, आणि ती नीट वाचली तर ती प्रतिपक्षाच्या विरोधातच जातात. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून, उणीव निर्माण करून, ती अर्काने भरून काढली; पुढच्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचला गेला, अशुद्धतेमुळे त्याला त्रास झाला, तेव्हा त्यांचे सहकारी कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दुसऱ्यांदा दिल्यावर साखर उतरली. कुत्र्यापासून रुग्णापर्यंतचे अंतर काही महिन्यांचे होते आणि त्या अंतरात सर्वाधिक श्रम अर्काच्या शुद्धीकरणावर खर्च झाले. मेटफॉर्मिनची कथा उलट्या दिशेने तेच सांगते. युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीत ग्वानिडीन वर्गातील द्रव्य असते. त्या वर्गाने प्राण्यांची साखर उतरते हे १९१८ मध्येच कळले होते, त्यातून आलेले सिंथॅलिन यकृताला घातक ठरून बाजूला पडले, आणि १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेले मेटफॉर्मिन १९५७ मध्ये झाँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये रुग्णांवर वापरून पाहीपर्यंत उपेक्षित राहिले. त्याचे आजचे स्थान उंदरांनी नव्हे, १९९८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ मानवी अभ्यासाने निश्चित केले. प्राणिप्रयोग ही पायरी असल्याबद्दल वाद नाही. त्याच पायरीवर तीस-चाळीस वर्षे उभे राहून शिखर गाठल्याची घोषणा करण्याला आक्षेप आहे.

शिवाय ज्या वनस्पती माणसे शतकानुशतके घेत आली आहेत, त्यांच्या बाबतीत क्रम बदलण्यास चांगला आधार आहे आणि त्याचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम रुग्णांत मोजून ब्रिटनच्या हृदयविज्ञानविषयक नियतकालिकात मांडला. त्यातले रेझर्पीन हे शुद्ध द्रव्य त्यानंतर, १९५२ मध्ये वेगळे झाले. आधी माणसातला काळजीपूर्वक मोजलेला परिणाम आणि मग प्रयोगशाळेतला कार्यकारणभाव, या क्रमाला मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी पुढे ‘उलट औषधविज्ञान’ अशी सुसंगत पद्धत म्हणून मांडले. मधुमेहाच्या बाबतीतही असे प्रयत्न झाले. त्यांपैकी एक विजयसारावरचा, म्हणजे आपल्याकडच्या बिबळ्यावरचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांना तो दिला आणि १९९८ च्या अहवालानुसार १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, ही मोठी उणीव होती, पण त्यामुळेच पुढे रूढ औषधाशी तुलना करणारी चाचणी करावी लागली. प्रश्न पुढे सरकला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथील वैद्यकांनी जांभळाच्या पानांचा काढा रुग्णांत ग्लिबेनक्लामाइडशी ताडून पाहिला आणि २००६ मध्ये काढ्याचा परिणाम दिसला नाही असे प्रामाणिकपणे छापले. बियांविषयी त्यावरून काही म्हणता येत नाही, तरीही तो नकार उंदरांवरच्या शेकडो होकारांपेक्षा अधिक माहिती देतो, कारण तो रुग्णांनी दिलेला आहे.

दुसरे उत्तर करुणेच्या भाषेत येते: परांड्याच्या किंवा भूमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला औषधे परवडत नाहीत, रानातली वनस्पती फुकट आहे, मग तिला विरोध कशासाठी? ज्यांना या शेतकऱ्याची काळजी आहे त्यांनी त्याला मेटफॉर्मिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते हे आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आहेत. तेथे औषध संपलेले असेल तर मागणी औषधाच्या पुरवठ्याची झाली पाहिजे. अपुऱ्या पुराव्याची वनस्पती गरिबाला आणि पक्क्या पुराव्याची गोळी श्रीमंताला, अशी वाटणी न्याय्य ठरत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाचे इन्शुलिन काढ्याच्या भरवशावर थांबवले तर काही दिवसांत रक्तात आम्ल साठून जीव जाऊ शकतो. मधुमेहावरच्या उपायांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने निषिद्ध ठरवली, ती याच अनुभवातून. प्रबंधातील ‘सिद्ध झाले’ हे दोन शब्द जाहिरातदाराला ती बंदी ओलांडण्यासाठी हवे असतात.

मारल्या जाणाऱ्या प्राण्यांचाही विचार या वादात केला पाहिजे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे १७ वे कलम शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत असे सांगते आणि त्यावर देखरेखीसाठी केंद्रीय समिती व प्रत्येक संस्थेत आचारसमिती आहे. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा तोच प्रयोग, केवळ वनस्पतीचा दुसरा भाग किंवा दुसरे द्रावक वापरून पदवीसाठी पुन्हा करणे, हे समितीच्या कागदावर नियमांत बसले तरी कायद्याच्या हेतूत बसत नाही. विद्यार्थ्याला शिकवायचे आहे म्हणून हे करावे लागते, हा बचावही टिकत नाही: पूर्वी प्रसिद्ध झालेला एखादा निष्कर्ष अधिक उंदीर, यादृच्छिक गट आणि अनभिज्ञ निरीक्षक ठेवून तपासणे, स्निग्ध आहार आणि स्ट्रेप्टोझोटोसिनची अल्प मात्रा यांतून इन्शुलिन-प्रतिरोधाच्या जवळ जाणारे प्रारूप वापरणे, किंवा अर्कातील ओळखद्रव्याचे प्रमाण ऋतूनुसार मोजणे, यांतून तो अधिक शिकेल.

धाराशिवमध्ये तरवडाचा प्रश्न नीट विचारायचा झाल्यास त्याची मांडणी आजही करता येईल. येडशीच्या रामलिंग परिसरातून किंवा तुळजापूरच्या माळावरून, परवानगीने, एकाच ऋतूत गोळा केलेली फुले. नमुना वनस्पतिसंग्रहात जमा. पायरोलिझिडिन अल्कलॉइडची तपासणी सर्वांत आधी, आणि ती आढळल्यास काम तेथेच बंद. ती न आढळल्यास आयुर्वेद महाविद्यालयाने ठरवलेला काढा, वैद्यकीय महाविद्यालयाने निवडलेले दुसऱ्या प्रकारचे, मेटफॉर्मिन चालू असलेले आणि चालूच राहणारे प्रौढ रुग्ण, त्यांतील निम्म्यांना चव-रंगाने तसाच दिसणारा निष्क्रिय काढा, आणि देशाच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत पहिल्या रुग्णाआधी नोंदणी. २००९ पासून ती बंधनकारक आहेच. मोजायचे ते एका सकाळच्या साखरेऐवजी तीन महिन्यांची सरासरी सांगणारे हिमोग्लोबिन ए-वन-सी, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि साखरेची नोंद बाळगून असतात. आणि दर महिन्याला यकृताची विकरे, जी ठरवलेल्या मर्यादेपुढे गेल्यास त्या रुग्णाचा काढा त्याच दिवशी थांबेल. निकाल होकारार्थी असो वा नकारार्थी, तो छापण्याची हमी दोन्ही महाविद्यालयांनी आधी लेखी द्यावी.